गाठ दिसू दे, महाराजा

रत्नागिरीत सीटी स्कॅनच्या बाकावर माझ्या शेजारी मिरकरवाड्यातली एक मावशी होती. मधूनच तिला दरदरून घाम फुटे, छाती धडधडे. पदराने तोंड पुसून ती पुन्हा ताठ बसे. तिच्या रक्तात कसलंसं हार्मोन जास्त निघालं होतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असावी, असं डॉक्टर म्हणत होते.

"इतकी वर्षं बाहेरचं म्हणून नारळ फोडले," ती हसली. मग देवळात गुरव घालतो तसं, मशीनच्या बंद दारापुढे तिने गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, असेल ती गाठ आज दिसू दे. गावली तर काढतील तरी!"

बाकावरचे आम्ही सगळे आपसूक म्हणालो, "व्हय महाराजा!"

तोवर मी मनात 'काही न निघो' एवढंच घोकत होतो. माझं नाव पुकारलं तेव्हा म्हटलं, असेल ते दिसू दे.