काठी आपटली नाही

भाऊला शेवटची अंघोळ घालताना त्याचा डावा पाय सरळ होईना. त्याच्याच हाताखाली तयार झालेला एक खेळाडू, आता केस पिकलेला, गुडघ्यावर तळवा ठेवून माझ्याकडे पाहत होता. "दाबू का, बाई?" त्याने विचारलं.

तो पाय अकोटला मोडला होता. आम्ही धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. वडील अकोल्याच्या जिनिंगमध्ये कामाला होते. भाऊ कबड्डी खेळायचा आणि खेळण्यावरच जगायचा. जत्रेतल्या सामन्यांसाठी गावोगावचे संघ त्याला सुपारी देऊन नेत. कधी वलगाव, कधी पार कौंडण्यपूर. सामना जिंकून दिला की त्याला गोठ्याजवळ वेगळं वाढत. मैदानात मात्र सगळा संघ त्याच्या अंगावर पडे. "बाई, ते मले फक्त मारालेच शिवतेत," तो घरी हसून सांगायचा. मी मॅट्रिकचा अभ्यास बाजूला ठेवून त्याच्या पाठीवरच्या ओरखड्यांना हळद लावायची.

अकोटला शेवटच्या चढाईत तो पकडणाऱ्यांना ओढत मधल्या रेघेपर्यंत गेला. हात रेघेला लागला, शिटी वाजली. बाकीच्यांनी सोडलं. त्यांच्या कप्तानाने गुडघा काखेत धरला होता. त्याने सोडला नाही, उलट अंगाने फिरला. "शिटी आयकू नाई आली," असं तो नंतर म्हणाला आणि लोक हसले. एसटीत भाऊने पाय समोरच्या बाकावर ठेवला होता आणि दातांत उपरणं धरलं होतं. हाडवैद्याने बसवलेला गुडघा वाकडाच राहिला.

पुढे मी अमरावतीला शिक्षिका झाले आणि भाऊला आमच्याच शाळेच्या पटांगणावर संघ तयार करायचं काम मिळालं. मुलं त्याला उस्ताद म्हणत. त्याचं शिकवणं निर्दय होतं. नव्या मुलाला खाली पाडून त्याच्यावर सगळा संघ झोपवायचा. खालचा रडला की पुन्हा. नाकातून रक्त आलं तर पाण्याचा हबका मारून परत उभा करायचा. पण त्याचा एक नियम मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नाही. "शिटी त्यायची असते," तो म्हणायचा. गावचे पंच आपला माणूस रेघेला पोचण्याआधीच शिटी वाजवून त्याला सोडवत. म्हणून शिटीवर पकड सोडायची नाही. उस्तादाने काठी जमिनीवर आपटली की सोडायची. रोज संध्याकाळी तेच चाले: शिटी वाजे, पकड घट्ट होई, काठी आपटे, हात मोकळे होत. पोरांच्या कानाला शिटी लागेनाशीच झाली.

काही वर्षांनी अकोटचा संघ आमच्याकडे खेळायला आला. कप्तान तोच होता. कानाजवळचे केस पांढरे, मांड्या अजून तशाच.

"काय उस्ताद, पाय कसा हाये?"

"वाकाचा तेवढा वाकून राहिला."

"आमच्या हातचं काम हाये. पक्कंच असते."

दोन्ही संघ हसले. भाऊही हसला. मी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून इतर शिक्षिकांबरोबर व्हरांड्यात बसले होते. पान उलटलं गेलं नाही.

सामना कोपरांनी आणि नखांनी चालला होता. आमच्या एका पोराची भुवई फुटली, त्यांच्या एकाचा खांदा निखळला. मग कप्तान चढाईला आला. आमच्या पोराने त्याचा गुडघा काखेत धरला, बाकीचे कमरेवर पडले. कप्तान सरपटत रेघेपर्यंत आला, हात लागला, शिटी वाजली. कुणी सोडलं नाही. सगळ्या पोरांचे डोळे काठीकडे होते.

"लागला ना हात, बाप्पा. सोडा आता," कप्तान म्हणाला.

पंचाने पुन्हा शिटी मारली. भाऊची काठी खांद्याइतकी वर होती आणि हात जराही हलत नव्हता. कप्तान धडपडला. पकडीतला माणूस धडपडला की फिरायचं, हे भाऊनेच शिकवलं होतं. पोरगा फिरला. तो आवाज व्हरांड्यापर्यंत आला. मग काठी आपटली.

अकोटवाल्यांनी बाकं मोडली, दगड आले. त्या गर्दीत भाऊने गुडघा धरणाऱ्या आमच्या पोराच्या थोबाडीत मारली.

"काठी नाई आपटली तुमी, उस्ताद," पोरगा रडत म्हणाला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काहून नाई आपटली?"

त्याने चपला काढून भिंतीशी लावल्या. "आवाज आयकाचा होता मले. माह्या येळी मीच बोंबलत होतो, तवा बरोबर आयकू नाई आला."

"मंग?"

"आयकला."

त्यानंतरही त्याने पुष्कळ वर्षं शिकवलं. काठी फक्त टेकायला उरली. पोरं शिटीवर सोडू लागली आणि गावोगावी हरू लागली. लोक म्हणाले, उस्ताद संपला. त्याने ते ऐकून घेतलं.

गुडघ्यावर तळवा ठेवून बसलेला माणूस तोच पोरगा होता. "राहू दे तसाच," मी म्हटलं. त्याने मान हलवली, पण हात काढला नाही.

"सोड," मी म्हटलं.

मग त्याने सोडला.