समासातलं ‘म्हंजे’

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात जर्सीवर नंबर छापत होतो. “भाऊजी, हे गेले,” एवढंच त्या बोलल्या. मशीनची तापलेली प्लेट उचलायचं मला सुचलं नाही... सात नंबर जळून काळा झाला. त्याला आता दीड महिना होईल. यशवंतवर चार ओळी लिहाव्यात म्हणून रोज बसतो आणि तसाच उठतो. या वयात माणसं जायचीच, हे कळतं. पण कळून कळून आता कंटाळा आलाय.

यशवंत मूळचा मलकापूरच्या पलीकडचा. कॉलेजसाठी कोल्हापुरात आला, शिवाजी पेठेत आमच्या शेजारच्या खोलीत राहिला आणि पेठेचाच होऊन गेला. पुढे कोर्टाबाहेर टेबल टाकून करारपत्रं टाइप करायला लागला. टाइप करणारे तिथं छप्पन मिळतात, पण हा पठ्ठ्या कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाला सही करू द्यायचा नाही. झेरॉक्स समोर ठेवायची, एकेक कलम वाचायचं आणि शेजारी समासात पेन्सिलीनं लिहायचं, ‘म्हंजे...’ आणि पुढं आपल्या बोलीत त्याचा अर्थ. एका मावशींनी गाळा भाड्यानं दिला होता. करारात होतं, भाडे मागणीची वाट न पाहता दरमहा पाच तारखेस अदा करावे. यशवंतनं शेजारी लिहिलं, ‘म्हंजे मावशीनं त्याच्या दारात जायाचं न्हाय, त्यानं यायाचं.’ मावशींनी ती झेरॉक्स अजून ट्रंकेत जपून ठेवलीय.

आम्ही फुटबॉल खेळायचो त्या तालमीत मात्र उलटी रीत. दोस्तानं कागद पुढं केला की डोळे झाकून सही ठोकायची. वाचायला लागलास, तर दोस्ती कसली? जर्सी छापायच्या मशीनसाठी मी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, तेव्हा जामीनदार म्हणून यशवंतकडेच गेलो. त्यानं चष्मा पुसला, लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझं डोकंच फिरलं. चारचौघांत म्हणालो, “विश्वास न्हाय, तर सही करू नगंस.”

त्यानं पान उलटलं. “वाचू दे की सुऱ्या,” एवढंच म्हणाला. मी तरातरा जाऊन चहाच्या गाड्यावर बसलो. परत आलो तेव्हा सही झालेली होती. कागद उचलले आणि निघालो. त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत मी.

दोन वर्षांत धंदा बसला. हप्ते थकले, आणि मागणीची नोटीस गेली ती थेट यशवंतला. करारच तसा होता. संस्थेनं मागणी करताच, आधी कर्जदाराच्या मागं न लागता, जामीनदारानं सगळी रक्कम भरायची. गावाकडं घर बांधायला साठवलेले पैसे त्यानं भरले. मी ओशाळलो होतो, आणि ओशाळलेला माणूस फार वाईट बोलतो. त्यालाच विचारलं, “एवढं वाचलंस, मग हे कसं दिसलं न्हाय तुला?”

तो हसला. म्हणाला, “ऱ्हायलं असंल रं. नजर गेली की आता.”

पुढं पाच वर्षं थोडे थोडे करून मी त्याचे पैसे फेडले. तोवर विटा-सिमेंटचे भाव कुठल्या कुठं गेले होते, वहिनींचं घर राहिलं ते राहिलंच. आणि सहीच्या दिवशी चारचौघांत बोललेलं ते वाक्य मागं घ्यायचंही राहिलं. रोज भेटायचो, फुटबॉलवरून भांडायचो, आज बोलू, उद्या बोलू... खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मला एक आधारही वाटायचा. एवढा वाचणारा, पण तोही चुकला होताच की.

यशवंतसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली, तेव्हा वहिनींनी एक फाइल माझ्या हातात ठेवली. यांनी तुमच्या नावानं वेगळी ठेवली होती, म्हणाल्या. चार दिवस मी ती उघडली नाही. आत त्या कराराची झेरॉक्स निघाली. पानापानाच्या समासात त्याचं बारीक अक्षर. नवव्या कलमाखाली पेन्सिलीच्या दोन रेघा, आणि शेजारी लिहिलेलं:

‘म्हंजे सुऱ्याला न्हाय, आदी मला धरणार. चालतंय.’

खाली सहीच्या दिवसाची तारीख आहे. मी तेव्हा गाड्यावर फुरंगटून चहा पीत बसलो होतो.