ताईच्या डोक्याची उजवी बाजू

स्कूटरवरून पडून माझ्या मोठ्या बहिणीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा कापून साचलेलं रक्त काढलं आणि मेंदूची सूज उतरेपर्यंत तो तुकडा तिच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून दिला. ताई वाचली, घरी आली.

एका दुपारी तिचं डोकं ओल्या फडक्यानं पुसताना माझा हात थबकला. उजव्या कानाच्या वर, जिथे हाड नव्हतं, तिथली कातडी तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी उडत होती.

"घाबरलीस होय?" ताई हसली, तशी ती जागा किंचित फुगली. "ठेव बोट. दुखत नाही."

मी अलगद बोट ठेवलं. मऊ, कोमट, धडधडतं. लहानपणापासून जिच्याशी भांडले, जिच्या कुशीत रडले, ती अख्खी ताई एवढ्याशा कातडीमागे होती. माणूस इतका जवळ असतो, हे तेव्हा कळलं.

काही महिन्यांनी हाड परत बसवलं. केस आले. ताई पूर्वीसारखी स्वयंपाक करते, चिडते, हसते.

परवा भाजी निवडताना मात्र हळूच म्हणाली, "हाड बसवल्यापासून आत फार शांत वाटतं गं. कुणीतरी निघून गेल्यासारखं."

मी हात पुसून तिच्या उजव्या कानाच्या वर बोट ठेवलं; केसांखाली नुसतं टणक हाड लागलं.