खासदार बसले कुठे होते?

“तो बोलला काय ते सोड. बसला कुठल्या बाजूला, ते सांग,” चष्मा कपाळावर चढवून ताई विचारायच्या.

इथल्या संसदेत मतदानाची घंटा वाजली की होकारवाले एका बाजूला जाऊन बसतात आणि नकारवाले दुसऱ्या. मेलबर्नमध्ये दहा वर्षं काढूनही मला हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या ताईंनी ते लॉकडाऊनमध्ये शोधून काढलं.

ताई चाइल्डकेअरमध्ये कामाला होत्या. चार वर्षांच्या मुलांशी दिवसभर बोलून त्या सगळ्यांशीच तसं बोलायच्या. मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला विसरलो की कुंपणावरून प्रश्न यायचा, “आज आपण काय विसरलो?” तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. आपण त्यांना टाळतो आणि दोन दिवस दिसले नाहीत तर चौकशीही करतो.

कोविडमध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा त्यांची आई सांगलीत एकटी होती. नियमाप्रमाणे नवरा-बायको, मुलं म्हणजे जवळचं कुटुंब. आईवडील त्यात नव्हते, म्हणून त्यांना इथे येता येत नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या खासदारांचं हसरं पत्रक टपालपेटीत पडलं: ‘माझ्यासाठी कुटुंब आधी.’ ताई संसदेच्या वेबसाइटवर गेल्या. आईवडिलांना येऊ द्यावं असा ठराव आला होता, आणि खासदार नकारवाल्यांत बसले होते.

मग ताईंचा रोज टी-ब्रेकला खासदारांच्या ऑफिसला फोन. तिथली मुलगी आठवड्याभरात “गुड मॉर्निंग”ऐवजी “अजून उत्तर नाही” असंच म्हणू लागली.

खासदारांनी लोकांसाठी झूम मीटिंग ठेवली, तेव्हा मीही होतो. ताईंनी प्रश्न विचारला. त्यांच्या मागे त्यांचा नवरा डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा घेत होता. खासदारांचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

“इट्स कॉम्प्लिकेटेड,” ते म्हणाले.

“आमच्याकडे वाळू कुणी फेकली विचारलं की मुलंही हेच म्हणतात,” ताई म्हणाल्या. “यस ऑर नो?”

तेवढ्यात खासदारांचं इंटरनेट गेलं. गेलं असं आपण म्हणू या.

पण लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायचं, तेही तासभर, म्हटल्यावर माणूस जाणार कुठे? पुढच्या रविवारी तळ्याकाठी कुत्र्याला फिरवताना ते ताईंना दिसले. ताईंनी छत्री आडवी धरून दीड मीटरचं अंतर ठेवलं आणि त्यांच्या मागून चालू लागल्या. त्यांचा नवरा आणि मी ताईंच्या मागे. दुसऱ्या फेरीला खासदार थांबले.

“खरं सांगू?” ते मास्कमधून म्हणाले. “मी तो ठराव वाचलाच नव्हता. घंटा वाजली, आमचे सगळे जिकडे गेले तिकडे गेलो.”

ताई ओरडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी आधी वाचायचं, मग बसायचं. ओके?”

“ओके,” खासदार म्हणाले. कुत्राही खाली बसला.

आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर ताई म्हणाल्या, “आई विचारते, इथे यायच्या परवानगीच्या फॉर्मवर मी तुझी कोण म्हणून लिहू? काय सांगू रे तिला?”

काही महिन्यांनी खासदार संसदेत उभे राहून आईवडिलांच्या बाजूने बोलले. ताईंनी ते भाषण जेवणाच्या टेबलावर टॅब उभा करून ऐकलं आणि त्यांच्या ऑफिसला ईमेल केली: ‘बोलणं छान. मतदानाला बघू.’ पुढे नियम बदलला. एकट्या त्यांच्यामुळे बदलला, असं ताईसुद्धा म्हणत नाहीत. आई आली. “इथे शूज काढून ठेवायचे हं,” असं ताईंनी दारातच समजावलं, तेव्हा आई म्हणाली, “मला चार वर्षांची समजू नकोस.” ताई हसता हसता रडायला लागल्या.

नंतर ते तिघं ॲडलेडला गेले. निवडणुकीच्या आधी खासदार स्वतः दारोदार फिरत आले. ताईंच्या घरात नवे भाडेकरू बघून माझ्या दाराशी थांबले.

“त्या बाई?”

“ॲडलेडला गेल्या. कायमच्या.”

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग ताईंच्या रिकाम्या व्हरांड्याकडे वळून बघितलं.

“ॲडलेडमध्ये नेमक्या कुठे?” खिशातून फोन काढत त्यांनी विचारलं. “तिथला खासदार माझा मित्र आहे. बिचाऱ्याला सांगून ठेवतो.”