न्याय तुंबलाय

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूर महापालिकेत सभेचं इतिवृत्त लिहायचो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या शहरात व्हावं, असा ठराव एकदा सभेपुढं आला. त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीचा जिना विचारत एक साठीच्या बाई माझ्याकडं आल्या. राहायला शहरात, जमीन कोडोलीला. त्या जमिनीच्या खटल्यासाठी अकरा वर्षं त्या मुंबईला खेपा घालत होत्या. कागदांची कापडी पिशवी त्यांनी लेकरासारखी छातीशी धरली होती.

सभेत एक सदस्य म्हणाले, "हा राज्याचा नि केंद्राचा विषय. आपण आपली गटारं बघावीत."

गॅलरीत बाई ताडकन उठल्या. "गटार तुंबलं की तुमच्याच दारात येतोय की आम्ही! आता न्याय तुंबलाय, तर कुणाच्या दारात जायाचं?"

शिपाई धावला. महापौरांनी त्याला हातानंच थांबवलं. मग तेच सदस्य पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, "ठरावाला माझं अनुमोदन."

ठराव एकमतानं मंजूर झाला, बाकं वाजली. बाई हात उंचावून टाळ्या पिटत होत्या. पिशवीतले कागद खाली सांडले, तरी त्यांना भान नव्हतं.

गॅलरीतलं बोलणं इतिवृत्तात घेता येत नाही. मला मात्र ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

कागद गोळा करून दिले, तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यो ठराव आता कुठं जाणार, पावणं?"

"मुंबईला आणि दिल्लीला."

"जाऊ दे की! इतकी वर्षं माझं एकटीचं जाणं हुतं. आता अख्खं कोल्हापूर निघालंय."