गोठ्यातला इलाज

"घे, तू मार त्याले," मालक म्हणाला आणि आसूड माझ्या हातात कोंबला. "बायकोच्या हातचा मार लवकर लागू पडते."

माझा नवरा गोठ्यातल्या खांबाला करकचून बांधलेला होता. पाठ फुटलेली. नाकाखाली मिरच्यांची धुरी. ओकाऱ्या, हगवण, सगळं अंगावर. धुराचा त्रास होईल म्हणून बैलांना आधीच बाहेर काढलं होतं. दारात अर्धं गाव जमलेलं. कोणी कडेवरच्या लेकराला बोट करून दाखवत होतं.

हा म्हणे अफू सोडवायचा इलाज.

नवरा याच मालकाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. कापूस निघाला की बैलबंड्या भरून पांढरकवड्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, न्यायच्या. वाटेत थंडी वाजू नये, भूक लागू नये, अंग दुखू नये म्हणून निघताना मालकीण प्रत्येक गाडीवानाच्या हातावर गुळात घोळलेली अफूची गोळी ठेवायची. नाही म्हणायची सोय नव्हती. पुढे सरकारने अफूची दुकानं बंद केली. वाड्यातली गोळी आटली. नवऱ्याला तिच्याशिवाय उठता येईना. पोटात पीळ पडायचा, बैल सोडून तो बांधावर लोळायचा. तेव्हा कुठे मालकाला कळलं, की हा अफीमबाज आहे.

"यायले सोडा, मालक. मरतीन हे," मी पाया पडले.

"मरत नाई तुमची जात. नागपूरले जाऊन धर्म बदलून आले, सवय बदलली काय? मार."

नवऱ्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

"मालक," तो मला म्हणाला, "एक गोळी द्या ना."

माझ्या हातात आसूड होता. म्हणून त्याला मी मालक वाटले.

माझं डोकं फिरलं. पहिलाच फटका मालकाच्या तोंडावर. गाल फाटला. दुसरा उगारला तोवर त्याच्या माणसांनी मला आडवं पाडलं. पोटात लाथा घातल्या. एक दात तिथेच शेणात पडला. आमच्या वस्तीतल्या बाया दगडं घेऊन धावल्या, तेव्हा मालकाची माणसं मागे सरली. बायांनीच दोर सोडला, बंडी जुंपली आणि आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं.

"एकदम तोडली म्हणून हे हाल झाले," डॉक्टर म्हणाले. "थोडी थोडी कमी करू."

रोज मोजून औषध, आदल्या दिवसापेक्षा कमी. पेज पाजायची. अंग पुसायचं. मी उशाशी बसून बघत होते आणि आतून पेटत होते. एवढंच होतं? माणसाला माणसासारखं निजवायचं आणि विष हळूहळू काढायचं, एवढ्यासाठी आमची चामडी सोलली?

अफू सुटली. पण खांबामागे पिरगळून बांधलेला उजवा हात कायमचा गेला.

घरी आलो तर मालकाचा निरोप तयार. बायकोने येऊन माफी मागावी, मग दोघांना कामावर घेऊ. चूल थंड होती. नवरा म्हणाला, "जाऊन ये. काय जाते आपलं?"

मी गेले. मालक ओट्यावर बसला होता, गालावर वण घेऊन. मी पायरीखाली उभी राहिले नाही. वर चढले.

"माफी नाई मागत. यापुढे आमचा माणूस बांधशीन तं मी हात जोडून येणार नाई. विळा घेऊन येईन. अन् पयले दोर नाई कापणार."