बुजवलेलं दार

या सदरात लोक चकव्याचे, हडळीचे, पिंपळावरच्या मुंजाचे अनुभव लिहितात. मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर गालातल्या गालात हसतो. उभा जन्म प्राथमिक शाळेत गणित शिकवण्यात गेला. जे मोजता येतं त्यावरच आपला भरवसा. भुतावर माझा अजूनही विश्वास नाही. मला जे सांगायचंय त्यात भूत नाहीच... एक दार आहे आणि माझी माय आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातला एक तालुका. तिथून धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाच्या अगदी कडेला आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण घर अजून उभं आहे आणि उगाच बघे जमायचे.

घराचा नकाशा नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. समोर पडवी. पडवीतून आत एक मोठी खोली. खोलीच्या मागच्या भिंतीत, बरोबर मधोमध, वाडीत जायचं दार. वाडी म्हणजे आमची परसबाग — वांगी, मिरच्या, सांबार (पुण्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात), मांडवावर वालाचे वेल, आणि चारी बाजूंनी बांबूचं कुंपण. खोलीच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघर. संपलं घर.

माय आंधळी होती. जन्माची नव्हे, मी नोकरीला लागलो त्या सुमारास तिचे डोळे गेले. पण नवखा पाहुणा आला तर त्याला दुपारपर्यंत कळायचं नाही, इतकी ती घरात सरळ वावरायची. हे घर तिनं आणि बाबांनी बांधलेलं, भिंतींची माती तिच्याच पायांनी तुडवलेली. उजाडलं की खाटेवरून उठायची, सात पावलं, दार, आणि वाडीत. हात पुढं करून चाचपणं तिला माहीतच नव्हतं. तासभर झाडांना पाणी घालायची, शेंगा बोटांनी मोजायची, वेलांना रागवायची. डोळे गेल्यावर तिला एवढंच एक सुख उरलं होतं.

ते मी बंद केलं.

कारण होतं. त्या हिवाळ्यात बिबट्यानं कुंपणावरून उडी घालून वाडीतून आमचा कुत्रा उचलला. सकाळच्या उजेडात, माय पाच हातांवर उभी असताना. तिला वाटलं, कुत्रा खेळून राहिलाय. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकटी जाऊ नको म्हटलं की म्हणायची, "माह्यासारक्या वाळक्या लाकडात वाघाले काय भेटन रे बापू?" आणि चालू पडायची.

घर तसंही दुरुस्तीला आलं होतं. महाशिवरात्रीला माय मावशीबरोबर मार्कंड्याच्या जत्रेला गेली, मुक्काम आठ-दहा दिवसांचा. मी संधी साधली. सोमाभाऊ गवंड्याला बोलावलं आणि दोघं कामाला भिडलो. छपराचे कवेलू फेरले, पडवीला सागाचे नवे खांब लावले, भिंतींना मातीची छपाई, म्हणजे गिलावा, करून वर चुना मारला, चुन्यात चिमूटभर नीळ. मागचं दार चौकटीसकट काढून कच्च्या विटांनी बुजवलं — चांगली हातभर जाड भिंत. वाडीत जायला नवं दार स्वयंपाकघरातून काढलं आणि त्याची कडी इतकी उंच ठेवली की मायचा हात पुरू नये. अर्धं गाव बघून गेलं. माझी छाती फुगली होती हे कबूल करतो.

आमची ही सासूला आत्याबाई म्हणायची. ती एकदाच बोलली, "आवो, आत्याबाई आल्या की पयले त्यायले सांगा. नाई त कपाळ फुटन त्यायचं."

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही.

माय जत्रेहून फार खुशीत आली होती. घरात पाऊल टाकताच चुन्याचा वास घेऊन म्हणाली, "घर नवं केलं वाट्टे?" मी म्हटलं, "हो, चुना मारला." पुढचं जिभेवर येईना. उद्या तिच्या आधी उठू आणि सांगू, असं ठरवून झोपलो. उठलो तेव्हा खाट रिकामी होती आणि वाडीतून तिचा आवाज येत होता. वांग्यांना बोलत होती, आठ दिवसांत किती वाळलात म्हणून. मला वाटलं, हिनं नेलं असेल स्वयंपाकघरातून. जीव भांड्यात पडला. सांगायचं काम बायकोनंच उरकलं म्हणून मनातून बरंही वाटलं.

तीन दिवसांनी जेवताना सहज म्हणालो, "बरं झालं, तू तिला नेतेस ते." हिचा हात ताटातच थांबला.

"मी कवा नेलं? मले वाटलं तुमी नेता."

दुसऱ्या दिवशी मी पडवीच्या दारात बसलो आणि ही स्वयंपाकघराच्या. खोलीला बाहेर पडायच्या वाटा त्या दोनच. माय उठली, केस बांधले, लोटा घेतला. तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं, हिनं मान वळवली, तिच्या ओरडण्यानं माझीही नजर तिकडं गेली. पुन्हा बघतो तर खोलीत कोणी नाही. आणि वाडीतून आवाज... "काऊन रे, पान काऊन मुरडलं तुयं?"

मी नव्या दारानं वाडीत धावलो. माय वालाच्या मांडवाखाली उभी.

"कुठून आलीस माय?"

"दारातून. अजून कुठून येतेत?" आणि हसली. "जाय, चहा ठेवाले सांग. आलीच मी."

मी स्वयंपाकघरातून खोलीत येईपर्यंत ती खाटेवर बसून पाय पुसत होती. हिनं पहाटेच जमीन सारवली होती. ओल्या सारवणावर मायच्या चिखलाच्या पावलांची रांग भिंतीपासून खाटेपर्यंत आलेली. सात पावलं. भिंतीलगतचं जे पहिलं पाऊल होतं त्याला बोटं होती, चवडा होता... टाच नव्हती. टाच भिंतीत होती.

मी सोमाभाऊंना बोलावलं. त्यांनी भिंत वाजवून पाहिली, खाली बसून ते पाऊल पाहिलं आणि थापी थैलीत घातली. मला पडवीत नेऊन हळू म्हणाले, "मास्तर, भिंत पक्की हाये. बैल धडकला त बैल मरन. पण मायले सांगू नोका."

"का हो?"

"ते अंदर असंन भिंतीत, अन् तवाच कोनी सांगतलं त?"

तोवर मी या गोष्टीचा नवल म्हणून विचार करत होतो. आता रोज सकाळी माय उठली की आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. कोणी शेजारीण आली तर ही तिला पडवीतूनच परत पाठवायची, न जाणो, नव्या भिंतीचं कौतुक करायची. पुन्हा बघायला बसायची माझी हिंमत झाली नाही.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. मग एका सकाळी वालाच्या मांडवाखाली बिबट्याचा माग दिसला. ताजा. त्याच्या शेजारीच मायची इवलीशी पावलं. आता गप्प बसणं म्हणजे तिला त्याच्या तोंडी देणं. दुपारी ती खाटेवर स्वस्थ बसलेली असताना, भिंतीपासून लांब आहे हे बघून, मी तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगून टाकलं.

ती हसलीच आधी. "गंमत करतं का बापू?" म्हणत उठली. पण या वेळी तिनं हात पुढं केला होता. तसा हात पुढं करून चालताना मी तिला प्रथमच पाहिलं. सात पावलं... आणि हात भिंतीला टेकला. तिनं भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा वरपासून. खूप वेळ. मग तोंड न वळवता तिनं विचारलं,

"मंग मी रोज कुठून जात होती रे बापू?"

मी तिला हाताला धरून खाटेवर आणून बसवलं.

त्या दिवसापासून तिनं वाडी सोडली. नव्या दारानं हाताला धरून एकदा नेलं, तर उंबऱ्यावरूनच फिरली. म्हणाली, पायांना ही वाट ओळखीची नाही. जेवण तुटलं. घरातही हात पुढं करून चालू लागली, खांबांना धडकू लागली. आंधळी झाली माझी माय. मी केली. मला स्वतःची इतकी चीड आली की एका रविवारी सब्बल (पहार) घेतली आणि भिंत पाडायला लागलो. काय यायचं ते बिबट्याचं संकट येवो. कुंपण डोक्याच्या वर उंचावलं, बाहेरून बोरीच्या काट्या रचल्या. जुनी चौकट जिथल्या तिथं बसवली, विटामाती टोपल्यांनी दूर टाकून आलो, हिनं जागा झाडून सारवून काढली.

मग मायला हाताला धरून उभं केलं. "माय, दार उघडलं. जुनंच दार. जाय तू."

वाडीतला वारा सरळ तिच्या तोंडावर येत होता. तिच्या केसांच्या बटा हलत होत्या. वालाचा वास आला तशी ती हसली. सात पावलं चालली, हात पुढं करून. चौकटीत हात अडला. अधांतरी. तळवा सपाट, बोटं दाबलेली, भाकर थापताना दाबतात तशी.

"भिंत हाये ना," ती म्हणाली.

"पाडली मी, माय." मी तिच्या हाताशेजारून माझा हात पार वाडीत घातला. काही नव्हतं. नुसता वारा.

"हाये रे बापू." आणि तिनं हात खाली घेतला. तिच्या तळव्याला चुना लागला होता. ओला, निळसर.

माय पुढं तीन वर्षं जगली. त्या दारातून कधी गेली नाही. बिबट्याही पुन्हा आला नाही. शिकलेल्या माणसांनी मला सांगितलं, मास्तर, हा मनाचा खेळ आहे. असेल. मनाला चुना कसा लागतो ते मात्र कोणी सांगितलं नाही.

ते दार अजून तिथंच आहे, दिवसभर सताड उघडं. माझे डोळे चांगले आहेत. तरी वाडीत जाताना मी हात पुढं धरूनच जातो.